आधी वडिलांचे रक्त, मग डी. एम.

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातील एका खेड्यातली मुलगी आहे. शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाले असून इंटर्नशिप संपत आली आहे. माझे आजोबा ४८व्या वर्षी आणि मोठे काका ४१व्या वर्षी हृदयविकाराने गेले. काका पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी करून बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत. दोघेही अंगाने सडपातळ होते. काकांना खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) सवय होती. वडील ५२ वर्षांचे, ठणठणीत आहेत, कधी तपासणी केलेली नाही. मला डी.एम. करून, म्हणजे हृदयरोगतज्ज्ञ होऊन लिपिडवर, म्हणजे रक्तातल्या चरबीवर संशोधन करायचे आहे. वडील म्हणतात, ‘संशोधनानं पोट भरते काय? तालुक्याले दवाखाना टाक.’ आमचे एक सर म्हणतात, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या) आल्यावर या विषयात उरले तरी काय? घरी पाच एकर कोरडवाहू, डोक्यावर पीककर्ज आणि धाकटा भाऊ शिकतो आहे. हा हट्ट धरू की सोडू? आणि धरला तर विदर्भात राहून तो पुरा होईल का?

उत्तर :

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. आजोबांविषयी आणि काकांविषयी तुम्ही पानभर लिहिले आहे, वडिलांविषयी मात्र एकच ओळ आहे, आणि माझी नजर त्या ओळीवरच अडली. ज्या घरात लागोपाठच्या दोन पिढ्यांत एकेक पुरुष पन्नाशीच्या आत गेला, त्या घरातला तिसरा पुरुष ५२ वर्षांचा आहे, घरात डॉक्टर मुलगी आहे, आणि त्याचे कोलेस्टेरॉल किती हे कोणालाही ठाऊक नाही. तेव्हा हट्ट धरायचा की सोडायचा हे बोलण्याआधी एक काम सांगतो : वडिलांचा, भावाचा, काकांच्या मुलांचा आणि तुमचा स्वतःचा लिपिड प्रोफाइल या आठवड्यात करून घ्या. सोबत साखर आणि रक्तदाबही पाहा.

एल.डी.एल. (धमन्यांत साठणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १९०च्या वर आले तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीचा विचार करावा लागतो, हे तुम्ही शिकलाच असाल. हा दोष साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला असतो, आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. सडपातळ बांधा आणि शेतातले कष्ट यांमुळे तो फार तर झाकला जातो, नाहीसा होत नाही. अनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे ३४ वर्षांचा एक शेतमजूर आला होता. त्याची तक्रार छातीची नव्हती, चपलेची होती. चपलेचा मागचा पट्टा टाचेला घासतो, एवढेच त्याचे म्हणणे होते. दोन्ही टाचांमागच्या कंडरांवर सुपारीएवढ्या कडक गाठी होत्या, कोपरांवरही होत्या, आणि कामाने पडलेले घट्टे समजून तो त्या वर्षानुवर्षे ब्लेडने खरवडत होता. त्या गाठी कोलेस्टेरॉलच्या होत्या. वडिलांच्या टाचेमागची कंडरा दोन बोटांत धरून पाहा. त्यासाठी ना यंत्र लागते ना पैसा. जमले तर नागपूरला नमुना पाठवून लायपोप्रोटीन (ए)ही एकदा मोजून घ्या. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ साली शोधलेल्या, हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या या कणाचे प्रमाण बहुतांशी जन्मतःच ठरलेले असते, त्यामुळे आयुष्यात एकदा मोजले तरी पुरते. अहवालात काही निघाले तर औषध स्वतः सुरू करू नका. घरच्या माणसाचा डॉक्टर घरच्याने होऊ नये.

आता दुसरी गोष्ट, जी कदाचित तुम्हाला खुपेल. काका हृदयविकारानेच गेले, हे कोणी ठरवले? तुमच्या पत्रात ना ई.सी.जी.चा उल्लेख आहे ना शवविच्छेदनाचा. फवारणी करून आलेला माणूस बांधावर कोसळतो, तेव्हा विषबाधेची शंका आधी घ्यावी लागते, आणि २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर कसे दगावले हे तुम्हाला मी सांगायला नको. घाम किती आला होता, तोंडाला फेस होता का, डोळ्यांच्या बाहुल्या कशा दिसत होत्या, त्याआधीच्या आठवड्यात जिना चढताना किंवा पाणी शेंदताना छातीत भरून येत होते का, हे काकूंना शांतपणे विचारता येईल. मृत्यूनंतर घरच्यांना असे पद्धतशीर प्रश्न विचारून कारण ठरवण्याची रीतच आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी गावोगावच्या मृत्यूंची अशीच चौकशी केली आणि तिथल्या ग्रामीण भागात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात आहे, हे २०१५ साली मांडले. हिवताप आणि कुपोषण यांच्यापलीकडे त्या जिल्ह्याचे नाव कोणी फारसे घेत नसताना हा निष्कर्ष आला होता. तुमच्या काकांच्या बाबतीत उत्तर काहीही येवो, हा प्रश्न तुम्हाला आधी सुचायला हवा होता. संशोधक व्हायचे म्हणता, तर आपल्याच दुःखाच्या कथेवर शंका घेण्यापासून सुरुवात करावी लागते. एवढे मात्र खरे की आजोबा उरतातच, आणि काकांचा खर्राही उरतो. हृदयाच्या दृष्टीने तंबाखू चघळली तरी ती तंबाखूच.

तुमच्या सरांच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो प्रश्न मला माझ्या तरुणपणीही विचारला गेला होता आणि तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते.

१९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले, आणि सशांच्या महाधमनीत माणसात दिसतात तसेच चरबीचे थर चढले. इतरांनी उंदरांवर आणि कुत्र्यांवर तोच प्रयोग केला, तर त्यांच्या धमन्या स्वच्छ राहिल्या. ससा पडला गवत खाणारा, त्याचे माणसाला कसे लागू व्हावे, असे म्हणत हा शोध कित्येक वर्षे बाजूला पडून राहिला. साठ वर्षांनंतर जपानमध्ये जवळजवळ तेच घडत होते. अकिरा एंडो हा अकिता भागातल्या शेतकरी घरातला मुलगा. औषध कंपनीत नोकरी करताना सुमारे ६००० बुरशा तपासून त्यांनी १९७३ साली कॉम्पॅक्टिन हे पहिले स्टॅटिन वेगळे केले, तेही क्योटोच्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरून घेतलेल्या निळसर-हिरव्या बुरशीतून. ते उंदरांना दिले, तर कोलेस्टेरॉल उतरेना. औषध तिथेच संपायचे. परंतु पुढे ते अंडी देणाऱ्या कोंबड्यांना देऊन पाहिले आणि कोलेस्टेरॉल उतरले. एका वावरात उगवले नाही म्हणून बियाणे खोटे ठरवू नये, दुसऱ्या वावरात टाकून पाहावे, हे तुमच्या वडिलांना सांगून पाहा. त्यांना ते सरांपेक्षा लवकर पटेल. १९८७ साली अमेरिकेत पहिले स्टॅटिन बाजारात आले, आणि १९९४ साली उत्तर युरोपातल्या ४४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीने दाखवले की या गोळीने एकूण मृत्यूच सुमारे ३० टक्क्यांनी घटतात. तोवर अनिच्कोव यांच्या सशांना ऐंशी वर्षे होऊन गेली होती.

मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोघे मुळात रुग्ण तपासणारे डॉक्टर होते. बालवयातच हृदयविकाराने ग्रासलेली मुले त्यांनी पाहिली. या मुलांच्या रक्तातले एल.डी.एल. पेशींत शिरत का नाही, हा प्रश्न त्यांनी अशा रुग्णांच्या कातडीच्या पेशी वाढवून सोडवला आणि एल.डी.एल.चा ग्राहक, म्हणजे त्याला पेशीत ओढून घेणारा रेणू, शोधला. १९८५ साली त्याबद्दल त्यांना नोबेल मिळाले. ते दोघे काम करत त्या अमेरिकेतल्या डॅलस शहरात पुढे हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी वेगळा प्रश्न विचारला : ज्यांचे एल.डी.एल. जन्मापासून कमी आहे, त्यांच्यात काय आहे? त्यांच्या लोकसंख्या-अभ्यासात कृष्णवर्णीय नागरिकांना मुद्दाम मोठ्या संख्येने घेतलेले होते, आणि पी.सी.एस.के.९ हे जनुक निकामी करणारे बदल त्यांच्यातच सापडले. २००६ साली त्यांनी दुसऱ्या एका दीर्घ अभ्यासाच्या आधारे दाखवले की असे बदल असलेल्या कृष्णवर्णीयांचे एल.डी.एल. २८ टक्क्यांनी कमी असते आणि हृदयधमनीविकार तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. नऊ वर्षांत, २०१५ साली, त्या ज्ञानावर बेतलेली इंजेक्शने आली. त्या अभ्यासात केवळ गोऱ्यांचेच रक्त घेतले असते तर हे इतक्या लवकर हाती लागले नसते.

म्हणून तुमच्या सरांना माझे उत्तर असे की या विषयात काय सापडते, हे कोणाचे रक्त तपासले त्यावर ठरत आले आहे. ससा घेतला तर एक, उंदीर घेतला तर दुसरे. आपण रुग्णाचा धोका मोजतो ते कोष्टक कुठून आले? १९४८ साली फ्रेमिंगहॅम या अमेरिकी गावात ५२०९ माणसांवर सुरू झालेल्या अभ्यासाच्या परंपरेतून. ते गाव थोर आहे, पण ते आर्णी नव्हे. ५२ देशांतल्या अभ्यासातून २००७ साली आलेल्या आकडेवारीने दाखवले की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो. आपल्याकडे एल.डी.एल. फार वाढलेले नसतानाही ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) चढलेले, एच.डी.एल. (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) उतरलेले आणि एल.डी.एल.चे कण बारीक व घट्ट, असे चित्र वारंवार दिसते. पूर्व विदर्भात भात आणि पश्चिमेला ज्वारी खाणारी माणसे, घाण्याचे जवस-करडईचे तेल सोडून एका पिढीत पिशवीतल्या सोयाबीन तेलावर आलेली स्वयंपाकघरे, उन्हाळ्यात ४५ अंशांत राबणारी सडपातळ शरीरे : यांच्या रक्ताविषयी सांगण्यासारखे आपल्याकडे फार थोडे आहे. उरले आहे ते हे.

पण हा रस्ता सरळ नाही, आणि तुमच्यापासून ते लपवण्यात अर्थ नाही. एच.डी.एल. हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, ते वाढवले की हृदय वाचेल, असे एक अख्खी पिढी मानून चालली होती, मीही शिकवत होतो. ते वाढवणाऱ्या टॉर्सेट्रापिब या औषधाची १५,००० रुग्णांवरील चाचणी डिसेंबर २००६ मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण एच.डी.एल. वाढले आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यूही वाढले. त्या एका विश्वासावर ज्यांनी आपली वीस वर्षे लावली होती, त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोगशाळेत जायचे होते.

पैशाचेही सांगतो. हृदयरोगात नाव आणि उत्पन्न हे धमनीत स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) बसवणाऱ्याचे असते. बंद नळी उघडली की नातेवाईक पाया पडतात. गोळी दहा वर्षे चालू ठेवल्यामुळे जी नळी बंदच पडली नाही, तिच्याबद्दल कोणी पेढे आणून देत नाही. लिपिडवर काम करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचा दिवस सकाळी ओ.पी.डी., इको आणि वॉर्ड, मग दुपारनंतर नमुन्यांच्या नोंदी, नीतिशास्त्र समितीची कागदपत्रे आणि अनुदानाचे अर्ज असा जातो. महाविद्यालयातला पगार खाजगी रुग्णालयाच्या मानाने कमी, तरी तुमच्या घराला तो पुरेल. ‘पोट भरते काय’ या वडिलांच्या प्रश्नाला ‘भरते’ असे उत्तर आहे. माडी मात्र उशिरा बांधली जाईल.

माझी स्वतःची एक फजिती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तरुणपणी मे महिन्यात मी काही गावांतून लिपिडसाठी रक्ताचे नमुने गोळा केले. परवानगी, संमती, प्रश्नावली, सगळे चोख होते. जीप वाटेत बंद पडली, थर्मासमधला बर्फ विरघळून गेला, संध्याकाळी पोहोचलो तर लोडशेडिंग, आणि सेंट्रिफ्यूज (रक्तातला रस वेगळा करणारे यंत्र) सुरू झाले ते मध्यरात्रीनंतर. पन्नास-साठ नळ्यांपैकी निम्म्यांहून अधिकांचा रस लाल झालेला होता, म्हणजे रक्तपेशी फुटलेल्या. एका नळीतला रस मात्र दुधासारखा पांढरा होता. ती फ्रिजमध्ये उभी ठेवली, तर सकाळी वर सायीचा जाड थर होता. इतक्या चढलेल्या ट्रायग्लिसराइडचा माणूस पाहण्याची ती माझी पहिलीच वेळ. त्याच्या नळीवरची चिठ्ठी पाण्याने निघून गेली होती. तो माणूस कोण, हे मला कधीच कळले नाही. त्या दिवसापासून मी नळीवर शाईने लिहितो, वर चिकटपट्टी लावतो आणि यादी दोन ठिकाणी ठेवतो. आता काम सोपे झाले आहे, बहुतेक कारणांसाठी उपाशीपोटी रक्त घेण्याचीही सक्ती उरलेली नाही, पण मे महिना तोच आहे.

आता तुमचा मार्ग. इंटर्नशिपनंतर बॉण्डचे (सक्तीच्या सरकारी सेवेचे) वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाले, तर ते वाया गेले असे समजू नका. पन्नाशीच्या आत ज्यांना झटका आला किंवा पक्षाघात झाला, त्यांच्या घरी आणखी कोणाला झाला होता का, हे प्रत्येक वेळी विचारण्याची सवय लावा. मात्र कोणाचेही रक्त ‘संशोधनासाठी’ म्हणून समितीच्या मंजुरीशिवाय घेऊ नका. ‘नीट पी.जी.’ ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.डी. मेडिसिनला तीन वर्षे जातील, मग ‘नीट एस.एस.’ ही पुढची परीक्षा आणि डी.एम. कार्डिओलॉजीची आणखी तीन. सगळे सरळ गेले तरी हाती पदवी पडेपर्यंत तुम्ही तिशी ओलांडलेली असाल. या वर्षांत विद्यावेतन मिळते, तेव्हा घरावर तुमचा भार पडणार नाही, उलट पीककर्जाच्या हप्त्यात तुम्ही हातभार लावू शकाल. एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो : शासकीय जागा मिळाली नाही म्हणून वावर विकून किंवा गहाण टाकून खाजगी जागा घेऊ नका. डी.एन.बी.चा (राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदव्युत्तर पदवीचा) मार्ग खुला आहे, पुढच्या वर्षीची परीक्षाही आहे.

एम.डी.चा प्रबंध सगळ्यांना लिहावा लागतो आणि बहुतेक जण तो उरकतात. तुम्ही उरकू नका. मार्गदर्शक निवडताना त्यांचे नाव किती मोठे हे पाहू नका. त्यांच्या मागच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ग्रंथालयातून काढून वाचा आणि त्यातली आकडेमोड कोणी केली, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारा. संख्याशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे दोन विषय पदवीबरोबर विसरून जाणारे हृदयरोगतज्ज्ञ मी पुष्कळ पाहिले आहेत, लिपिडमध्ये ते टिकत नाहीत. आणि डी.एम. करायचेच, हा निर्णय एम.डी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत पक्का करू नका. लिपिडवर मोलाचे काम करणाऱ्यांत जीवरसायनतज्ज्ञ आहेत, ग्रंथिविकारतज्ज्ञ आहेत, साथरोगशास्त्रज्ञ आहेत; एंडो तर डॉक्टरही नव्हते. कॅथलॅबमध्ये (धमनीत नळी घालून तपासणी-उपचार करतात त्या खोलीत) तुमचे मन रमले तर डी.एम. करा. प्रश्न मनातून हलला नाही आणि कॅथलॅबचा कंटाळा आला, तर मेडिसिनच्या पदवीवरही हे काम होते. पुढे आय.सी.एम.आर.ची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अनुदाने आहेत, डॉक्टर-संशोधकांसाठी इंडिया अलायन्सच्या फेलोशिप आहेत. तंत्र शिकण्यासाठी दोन वर्षे बाहेर जावे लागले तर जरूर जा.

विदर्भात राहून जमेल का, याचे उत्तर मी तुमच्या आधीच्या लोकांकडे बोट दाखवून देतो. सेवाग्रामचे महाविद्यालय १९६९ साली खेड्यातच सुरू झाले आणि तिथे विद्यार्थ्यांची तुकडी एकेक गाव दत्तक घेऊन घरोघर जाते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली, आणि तिथल्या गावांत झालेले नवजात बाळांच्या घरगुती काळजीचे संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. यंत्रे विकत किंवा उसनी मिळतात, नमुने गोठवून हैदराबादलाही पाठवता येतात. माणसे मात्र पाठवता येत नाहीत. पंधरा वर्षे त्याच दोनशे घरांत पुन्हा पुन्हा जाणारा आणि ‘डॉक्टरीण बाई आली’ म्हणून ज्याला ओसरीवर चहा मिळतो असा माणूस पैशाने उभा करता येत नाही, आणि तुमची तिथून सुरुवातच झालेली आहे. या एका कारणासाठी मी तुम्हाला हट्ट धरा असे सांगतो.

वडिलांशी मात्र वाद घालू नका. त्यांना दवाखाना हवा आहे, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे तालुक्याचा डॉक्टर आहे, संशोधक त्यांनी पाहिलेला नाही. त्यांना तपासणीला नेताना ‘तुमच्या तब्येतीसाठी’ असे म्हणालात तर ते येणार नाहीत. ‘मला अभ्यासासाठी घरातल्या सगळ्यांचे आकडे हवे आहेत’ असे म्हणा, म्हणजे येतील, आणि ते खोटेही नाही. तरीही नाही म्हणाले तर काकांच्या मोठ्या मुलाला आधी न्या, त्याचा अहवाल पाहून ते आपणहून निघतील. प्रयोगशाळेत एक विचारून घ्या : एल.डी.एल. थेट मोजले आहे की एकूण कोलेस्टेरॉलमधून एच.डी.एल. आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढले आहे. वजा करून काढले असेल आणि ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असेल, तर तो एल.डी.एल.चा आकडा धरू नका. बारा तास उपाशीपोटी रक्त देऊन पुन्हा तपासा, आणि या वेळी एल.डी.एल. थेट मोजायला सांगा.